विल्यम मार्शल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम मार्शल कोण होता?

बाराव्या-तेराव्या शतकातला इंग्लंडचा एक लढवय्या सरदार. जन्म साधारण ११४६-४७ चा, मृत्यू १४ मे १२१९ रोजी. वडिलांचा तो चौथा मुलगा, त्यामुळे वाट्याला ना जमीन येणार होती ना गढी. पुढे तोच पेम्ब्रोकचा अर्ल (मोठ्या दर्जाचा जहागीरदार) झाला, वेल्स आणि आयर्लंडमधल्या मोठ्या मुलखाचा धनी झाला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर नऊ वर्षांच्या राजाचा कारभारी म्हणून अख्खं इंग्लंड त्याच्या हाती आलं. पाच राजांची त्याने सेवा केली : दुसरा हेन्री, त्याच्या हयातीतच अभिषेक झालेला मुलगा 'तरुण राजा' हेन्री, रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री.

त्याच्या भाल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. या पानावर त्याही आहेत, पण मला त्याच्या आयुष्यात जास्त मोलाची वाटतात ती नाती. त्यातही बायकांकडून आलेली नाती. आईच्या माहेरामुळे तो उभा राहिला, एका राणीने त्याला कैदेतून सोडवलं, बायकोमुळे मुलूख मिळाला आणि पाचही मुलगे निपुत्रिक गेल्यावर त्याचा वंश चालला तो मुलींच्या पोटी.

'मार्शल' हे आडनाव होतं की पद?

आधी पद, मग आडनाव. जुन्या जर्मन बोलींत 'मार' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर. म्हणजे मुळात हा पागेतला नोकर. राजाच्या घोड्यांची जबाबदारी सांभाळता सांभाळता या माणसाकडे दरबारातली शिस्त आणि लढाईतली व्यवस्थाही आली, आणि पद मानाचं झालं. आपल्याकडे पागेचे हिशोब लिहिणाऱ्याचं घराणं पागनीस झालं, तसंच हे. विल्यमच्या घराण्यात राजाचं मार्शलपद आजोबांपासून होतं. ११९४ मध्ये थोरला भाऊ जॉन वारला तेव्हा ते विल्यमकडे आलं.

विधानसभेत गोंधळ झाला की अध्यक्ष ज्यांना बोलावतात ते मार्शल म्हणजे हाच शब्द, घोड्याच्या तबेल्यातून निघून मुंबईपर्यंत आलेला.

वडिलांनी त्याला मरायला सोडून दिलं होतं हे खरं आहे का?

गोष्ट अशी. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॅटिल्डा यांच्यात वर्षानुवर्षं यादवी चालली होती. विल्यमचे वडील जॉन मार्शल हे मॅटिल्डाच्या बाजूचे. माणूस कमालीचा चिवट. ११४१ मध्ये व्हेरवेलच्या मठात शत्रूने त्यांना कोंडून आग लावली, छपराचं शिसं वितळून चेहऱ्यावर पडलं, एक डोळा गेला, पण शरण आले नाहीत.

११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरी इथल्या त्यांच्या गढीला वेढा दिला. जॉननी तहासाठी मुदत मागितली आणि ओलीस म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम राजाच्या हवाली केला. मग मिळालेल्या मुदतीत गढीत दाणागोटा आणि माणसं भरून घेतली. मुलाला फाशी देऊ अशी धमकी आली तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला, की याच्याहून सरस मुलगे घडवायला हातोडा आणि ऐरण अजून माझ्याजवळ आहेत.

मुलाला खरोखरच फासाकडे नेलं गेलं. वाटेत त्याने एका सरदाराच्या हातातला भाला खेळायला मागितला. ते पाहून राजाचं मन विरघळलं. नंतर दगडफेकीच्या यंत्रातून त्याला गढीवर फेकायचं ठरलं, तर यंत्राची झोळी त्याला झोपाळा वाटली. शेवटी स्टीफनने त्याला आपल्याच तंबूत ठेवून घेतलं. गवतात उगवणाऱ्या रोपांच्या दांड्या घेऊन दोघं 'नाइट-नाइट' खेळायचे (नाइट म्हणजे घोड्यावरून लढणारा मानाचा योद्धा). ज्याच्या दांडीचा शेंडा आधी तुटेल तो हरला. एकदा खेळात रंगलेला असताना तंबूच्या फटीतून आईकडचा एक नोकर डोकावताना त्याला दिसला. पोरगं जिवंत आहे का, हे बघायला पाठवलेला.

मला या प्रसंगात हातोडा-ऐरणीपेक्षा तो डोकावणारा नोकर जास्त आठवतो. बाप निरोप धाडत होता तेव्हा आई माणूस धाडत होती.

आईचं माहेर कोणतं?

सॉल्सबरीचं. आईचं नाव सिबिला. तिचा भाऊ पॅट्रिक हा पुढे सॉल्सबरीचा अर्ल झाला. हे लग्न म्हणजे दोन भांडणाऱ्या घराण्यांमधला तह होता, आणि त्यासाठी जॉननी आपल्या पहिल्या पत्नीला बाजूला केलं. तहासाठी दिलेली ही मुलगी विल्यमच्या आयुष्यातली पहिली शिडी ठरली, कारण त्याला पुढे जागा मिळाली ती मामाच्या पदरी.

लढाईचं शिक्षण कुठे झालं?

नॉर्मंडीत, टँकरव्हिलच्या गढीवर. नॉर्मंडीचा चेंबरलेन, म्हणजे राजवाड्याचा कारभार पाहणारा अधिकारी, विल्यम द टँकरव्हिल हा त्याचा नातलग. तिथे हे पोरगं खातं-पितं आणि झोपतं एवढंच करतं, म्हणून इतर उमेदवार त्याला खादाड म्हणून चिडवत.

या काळातला एकच प्रसंग सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. ११६६ च्या सुमारास तो नाइट झाला आणि लगेच द्रँकूर इथल्या लढाईत पडला. जिवावर उदार होऊन लढला, सगळ्यांनी वाखाणला, पण त्याचा घोडा मारला गेला. रात्री जेवणाच्या वेळी एसेक्सच्या अर्लने भरल्या पंगतीत त्याच्याकडे भेट मागितली : घोड्याचा एखादा जुना पट्टा दे. विल्यम म्हणाला, माझ्याजवळ कुठला असणार? अर्ल म्हणाला, अरे, आज तर चाळीस-साठ तुझ्या हातात होते! पंगत हसली. पाडलेल्या शत्रूंचे घोडे आणि सामान ताब्यात घ्यायचं असतं हे त्या तरुणाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे नवा घोडा घेण्यासाठी त्याला अंगावरचा नाइटपदाचा झगा विकावा लागला. हा धडा तो जन्मभर विसरला नाही.

राणी एलिनॉरशी त्याचा काय संबंध?

११६८ मध्ये तो मामाबरोबर फ्रान्सच्या प्वातू प्रांतात गेला. दुसऱ्या हेन्रीची राणी, ॲक्विटेनची एलिनॉर, तिच्या रक्षणाची जबाबदारी मामावर होती. लुझिन्यां घराण्याच्या भाऊबंदांनी वाटेत छापा घातला. मामा चिलखत चढवण्याआधीच मागून भाला लागून पडला. विल्यम एका कुंपणाला पाठ लावून एकटा लढत राहिला, शेवटी कुंपणामागून कुणीतरी मांडीत भाला खुपसला आणि तो पकडला गेला.

कैद करणाऱ्यांनी जखम बांधायलाही काही दिलं नाही. त्यांच्याबरोबर त्याला गावोगाव फिरवलं जात असताना एका घरातल्या बाईच्या ते लक्षात आलं. तिने पाव पोखरला, आत स्वच्छ तागाच्या पट्ट्या भरल्या आणि तो पाव त्याच्याकडे पाठवून दिला. तिचं नाव इतिहासाला माहीत नाही. तिने तो पाव पाठवला नसता तर पुढचं काही लिहायला उरलंही नसतं कदाचित.

खंडणी भरून त्याला सोडवलं ते एलिनॉरने. घोडा दिला, कपडे दिले, पदरी ठेवलं. दोन वर्षांनी, ११७० मध्ये, तिच्या मुलाला म्हणजे तरुण हेन्रीला राज्याभिषेक झाला तेव्हा विल्यमची त्याच्या घरात नेमणूक झाली, त्याला शस्त्रविद्या शिकवायला.

टूर्नामेंटमध्ये त्याने ५०० नाइट पकडले म्हणतात. हे खेळ होते की दरोडे?

चित्रपटांत दिसतं तसं, मधे कठडा आणि दोन्ही बाजूंनी एकेक स्वार, हे नंतरच्या काळातलं. विल्यमच्या काळातला टूर्नामेंट म्हणजे दोन मोठे जथे, मधे गावं, शेतं, द्राक्षमळे असा मैलोन्मैल पसरलेला मुलूख आणि दिवसभर चाललेली खरीखुरी घोडदौड. ठार मारायचं नाही, पकडायचं. पकडलेल्याने 'हरलो' असा शब्द द्यायचा, घोडा आणि चिलखत द्यायचं, वर खंडणी. शब्द पाळला जाईल हा विश्वास नसता तर हा खेळ एक दिवस चालला नसता.

फ्लांडर्सचा एक नाइट रॉजर द जुई याच्याशी विल्यमने भागीदारी केली. दोघांनी मिळून साधारण दहा महिन्यांत १०३ नाइट पकडले. हा आकडा तरुण राजाच्या मुदपाकखान्यातला कारकून व्हिगेन याने टिपून ठेवला होता. जन्मभराचे ५०० हा आकडा मात्र विल्यमने स्वतः मरणशय्येवर सांगितलेला.

एकदा प्लर इथल्या टूर्नामेंटनंतर सर्वोत्तम वीराला बक्षीस म्हणून एक मोठा मासा द्यायचं ठरलं. सगळ्यांनी विल्यमचं नाव घेतलं, पण विल्यम सापडेना. शोधायला गेलेल्यांना तो लोहाराच्या भात्यापाशी सापडला. डोकं ऐरणीवर टेकवलेलं, आणि लोहार हातोडी-पकडीने त्याचं चेपलेलं शिरस्त्राण सोडवतोय. दिवसभराच्या घावांनी ते मानेपर्यंत घट्ट बसलं होतं.

दरोडे म्हणायचे का? त्या काळच्या चर्चने या खेळांवर बंदी घातली होती, आणि शेतातून घोडे दौडवले जात तेव्हा शेतकऱ्यांना काही विचारलं जात नसे. पण धाकट्या, भूमिहीन मुलांना वर चढायला तेवढी एकच वाट होती, हेही तितकंच खरं.

तरुण राजाच्या पत्नीशी त्याचं प्रेमप्रकरण होतं का?

११८२ मध्ये दरबारातल्या मत्सरी मंडळींनी तशी कुजबूज केली. राणी मार्गारेट ही फ्रान्सच्या राजाची मुलगी. विल्यमने भर दरबारात सांगितलं की आरोप करणाऱ्याने समोर यावं, मी द्वंद्वाला तयार आहे. कुणी पुढे आलं नाही. तो निघून गेला, आणि पुढच्याच वर्षी तरुण राजाने त्याला परत बोलावलं. माझ्या मते आरोपात दम नव्हता. असता तर त्याला परत बोलावलंच नसतं.

परत आला तो मालकाच्या अखेरच्या दिवसांसाठीच. तरुण हेन्री बापाविरुद्ध बंड करत होता, पैशासाठी त्याने रोकामादूरचं देवस्थानही लुटलं होतं. ११ जून ११८३ रोजी मार्टेल इथे तो अतिसाराने वारला, वय २८. जेरुसलेमला जाण्याचा नवस म्हणून घेतलेला क्रूस शिवलेला झगा त्याने विल्यमच्या हाती दिला, की माझ्या वतीने तू जा. विल्यम गेला. साधारण दोन वर्षांनी परतला. येताना त्याने रेशमी कापडं आणली आणि ती कुणाला दाखवली नाहीत. त्यांची गोष्ट शेवटी येते.

रिचर्डला, म्हणजे सिंहहृदयी रिचर्डला, त्याने घोड्यावरून पाडलं होतं?

होय. जून ११८९. म्हातारा दुसरा हेन्री ल मां शहरातून माघार घेत होता आणि त्याचाच मुलगा रिचर्ड फ्रान्सच्या राजाशी हातमिळवणी करून पाठलागावर होता. बाकीचे एकेक करून म्हाताऱ्याला सोडून चालले होते. विल्यम मागे राहून वाट अडवून उभा. रिचर्ड चिलखताशिवाय पुढे धावला आणि भाला रोखून येणाऱ्या विल्यमला पाहून ओरडला, मला मारू नकोस, मी निःशस्त्र आहे. तुला सैतानच मारो, मी नाही, असं म्हणत विल्यमने भाला घोड्यात घातला.

६ जुलैला हेन्री शिनाँ इथे वारला. नोकरांनी त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा पळवले. विल्यमने त्याला मानाने फोंतव्रोच्या मठात नेऊन पोचवलं. तिथे नवा राजा रिचर्ड आला आणि म्हणाला, त्या दिवशी तू मला मारणार होतास. विल्यमचं उत्तर : माझा हात अजून इतका नेमका आहे की मारायचं असतं तर मारलं असतं. रिचर्डने त्याला माफ केलं. आणि बापाने विल्यमला दिलेलं वचनही पुरं केलं, म्हणजे इझाबेल द क्लेअरशी लग्न.

इझाबेल कोण होती? तिच्यामुळे नेमकं काय मिळालं?

सगळं. हे वाढवून सांगत नाही.

इझाबेलचे वडील रिचर्ड द क्लेअर, ज्यांना स्ट्रॉन्गबो म्हणतात. आई इफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. वेल्सच्या सीमेवरचं स्ट्रिगिल म्हणजे आजचं चेप्स्टो, आयर्लंडमधलं लेन्स्टर, नॉर्मंडीतल्या लाँगव्हिलच्या जहागिरीचा निम्मा वाटा, आणि पेम्ब्रोकवरचा हक्क : हे सारं तिचं. ऑगस्ट ११८९ मध्ये लग्न झालं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची, तो चाळिशी ओलांडलेला. तिला कुणी विचारलं नव्हतं; मोठ्या जहागिरीची वारस मुलगी राजा देईल त्याच्या घरी जायची. तरीही पुढच्या तीस वर्षांत हे दोघं खऱ्या अर्थाने जोडीदार झाले असं दिसतं.

१२०७ मधला प्रसंग बघा. राजा जॉनने विल्यमला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावलं. हेतू चांगला नाही हे दोघांनाही कळत होतं. इझाबेल गरोदर. निघण्याआधी विल्यमने किल्केनीला लेन्स्टरचे सगळे सरदार जमवले आणि तिचा हात धरून तिला त्यांच्यासमोर आणलं. म्हणाला, ही तुमच्या धन्याची लेक आहे, ज्यांनी तुम्हाला जमिनी दिल्या त्यांची. मी तिला तुमच्या भरवशावर ठेवून जातोय. इथे माझं असं काही नाही, जे आहे ते हिच्यामुळे.

तेराव्या शतकातला एक अर्ल भर सभेत हे बोलला.

तो गेल्यावर राजाच्या माणसांनी हल्ला केलाच. किल्केनीला वेढा पडला तेव्हा इझाबेलने तटावरून एक माणूस खाली सोडून मदतीसाठी निरोप धाडला. वेढा मोडला, फितूर झालेले सरदार शरण आले. विल्यम परतल्यावर त्यांना माफ करायला निघाला. तिचं मात्र मत होतं की एवढ्या सहज सोडू नये. मला तिचा राग समजतो. तटाच्या आत ती होती.

राजा जॉनशी एवढं का बिनसलं?

जॉनला राजा करण्यात विल्यमचा वाटा होता. ११९९ मध्ये रिचर्ड वारला तेव्हा पुतण्या आर्थरऐवजी जॉनला गादी द्यावी असं मत त्याने दिलं होतं. अर्लपदाची पदवी त्याला जॉनकडूनच मिळाली. पण १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली, आणि विल्यमने आपली नॉर्मंडीतली जमीन वाचवण्यासाठी फ्रान्सचा राजा फिलिप याच्यापुढे समुद्रापलीकडच्या मुलखापुरती निष्ठा वाहिली. म्हणजे दोन वैऱ्यांचा एकाच वेळी चाकर. इथे जॉनचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे विल्यमवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. जॉनने त्याचे थोरले दोन मुलगे ओलीस घेतले. तरी विल्यमने बंड केलं नाही. ओलीस राहणं काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मॅग्ना कार्टाशी त्याचा संबंध काय?

दुहेरी. मॅग्ना कार्टा म्हणजे बंडखोर सरदारांनी राजा जॉनकडून मिळवलेली, राजाच्या मनमानीला आवर घालणारी सनद. १२१५ मध्ये तो राजाच्या बाजूने वाटाघाटी करत होता; सनदेच्या सुरुवातीला राजाच्या सल्लागारांची जी नावं आहेत, त्यात धर्मगुरूंनंतर पहिलं नाव त्याचं. त्याचा थोरला मुलगा विल्यम मात्र दुसऱ्या बाजूला, सनदेची अंमलबजावणी बघणाऱ्या २५ सरदारांपैकी एक. बापलेक दोन गोटांत.

पण खरं महत्त्वाचं ते पुढच्या वर्षीचं. जॉनने ती सनद काही आठवड्यांतच पोपकडून रद्द करवून घेतली होती. तो गेल्यावर नोव्हेंबर १२१६ मध्ये विल्यमने आणि पोपचा दूत ग्वाला याने आपापल्या शिक्क्यांनी ती पुन्हा जारी केली, आणि १२१७ मध्ये वनांच्या सनदेसह आणखी एकदा. बंडखोरांच्या हातातलं मागणीपत्र त्याने राजाच्या कारभाराचा पाया करून टाकलं. हे त्याने केलं नसतं तर १२१५ चा कागद त्या वर्षाबरोबरच संपला असता.

सत्तरीच्या वयात तो खरंच लढाईत उतरला?

आधी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन नेवार्कला वारला तेव्हा लंडनसह अर्धं राज्य फ्रान्सचा युवराज लुई आणि बंडखोर सरदार यांच्या ताब्यात होतं. वारस हेन्री नऊ वर्षांचा. विल्यम त्याला वाटेवर सामोरा गेला. मुलाने म्हटलं, मी स्वतःला देवाच्या आणि तुमच्या हवाली करतो. दोघंही रडले. २८ ऑक्टोबरला ग्लॉस्टरला घाईघाईने अभिषेक उरकला. त्याआधी त्या चिमुकल्याला नाइट केलं ते विल्यमनेच.

कारभार घ्यायचा की नाही यावर त्या रात्री तो आपल्या माणसांशी बोलला. तिजोरी रिकामी, आपण म्हातारे. त्याचा जुना सोबती जॉन ऑफ अर्ली म्हणाला, सगळे सोडून गेले आणि तुम्ही एकटे उरलात तरी त्याहून मोठा मान कुठला? तेव्हा विल्यम म्हणाला : सगळ्यांनी पाठ फिरवली तर मी या पोराला खांद्यावर घेईन, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाईन, भीक मागून खावं लागलं तरी सोडणार नाही. फासावरून वाचलेलं एक पोर बोलत होतं, दुसऱ्या पोराबद्दल.

लढाई झाली २० मे १२१७ रोजी, लिंकनला. शहर शत्रूकडे, पण किल्ला निकोला द ला हे या उतारवयाच्या बाईने नेटाने राखला होता. विल्यमजवळ सुमारे ४०० नाइट आणि ३०० वर धनुर्धारी. हल्ल्याच्या जोशात तो शिरस्त्राण न घालताच घोड्याला टाच मारून निघाला. एका पोऱ्याने ओरडून थांबवलं तेव्हा परत येऊन त्याने ते चढवलं. कॅथीड्रलच्या पुढ्यात फ्रेंचांचा सेनापती पेर्शचा काउंट थॉमस याने विल्यमच्या डोक्यावर तीन घाव घातले, शिरस्त्राणावर खोका पडल्या, आणि मग काउंट स्वतःच घोड्यावरून कोसळला. डोळ्याच्या फटीतून भाल्याचं टोक आत गेलं होतं. तो विल्यमचा आईकडून नातलग. विजयाच्या क्षणी विल्यमला त्याचं दुःख झालं.

जिंकलेल्या सैन्याने नंतर लिंकन शहर लुटलं. पळू पाहणाऱ्या बायका-पोरांनी भरलेल्या होड्या नदीत उलटल्या. विल्यमच्या मोठेपणाबद्दल लिहिताना हे वगळणं मला जमणार नाही.

ऑगस्टमध्ये सँडविचच्या समुद्रात फ्रेंचांच्या आरमाराचा पराभव झाला आणि सप्टेंबरमध्ये लुई १०,००० मार्क घेऊन परत गेला.

त्याला मुलं किती? आज वंशज आहेत का?

दहा. पाच मुलगे, पाच मुली. थोरल्या विल्यमने राजा तिसऱ्या हेन्रीच्या बहिणीशी, एलिनॉरशी लग्न केलं. तो १२३१ मध्ये वारल्यावर तिने सिमोन द माँफोर्शी दुसरं लग्न केलं. दुसरा रिचर्ड १२३४ मध्ये आयर्लंडमधल्या लढाईच्या जखमांनी गेला. तिसरा गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून गेला, बापाने ज्या खेळात नाव काढलं त्याच खेळात. वॉल्टर आणि अँसेल्म दोघंही १२४५ च्या अखेरीस, एका महिन्याच्या अंतराने. एकाच्याही पाठीमागे औरस मूल नाही.

मॅथ्यू पॅरिस हा त्या काळचा मठवासी इतिहासकार यामागे शाप सांगतो : विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली होती, परत दिली नाहीत, आणि बिशपने त्याच्या मुलांना निर्वंश होण्याचा शाप दिला. शापावर माझा विश्वास नाही. पण गावं बळकावली होती, आणि आयरिश माणसाच्या नजरेतून हा निष्ठावंत वीर एक परका जमीनदार होता, हे त्या गोष्टीतून नीट कळतं.

मुलूख मग पाच मुलींच्या घरांत वाटला गेला. मॉड बिगॉड घराण्यात, मार्शलपद तिच्याकडे गेलं. सिबिल फेरर्स घराण्यात. ईव्हा ब्राओझ घराण्यात. जोनच्या मुलीचा नवरा विल्यम द व्हॅलन्स पेम्ब्रोकचा धनी झाला. आईचंच नाव लावणाऱ्या इझाबेलची मुलगी स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात पडली; इंग्लंडला धूळ चारणारा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा तिचा नातू. म्हणजे विल्यम त्याचा खापरपणजोबा.

'अर्ल मार्शल' हे पद आजही आहे?

आहे. निरनिराळ्या घराण्यांतून फिरत १६७२ पासून ते वंशपरंपरेने नॉरफोकच्या ड्यूककडे आहे. २०२२ मधला राणीचा अंत्यविधी आणि २०२३ मधला राजा चार्ल्सचा अभिषेक यांची व्यवस्था त्यांच्याकडेच होती.

एवढे बारीकसारीक तपशील कळले कुठून? आणि ते खरे मानायचे का?

विल्यमच्या थोरल्या मुलाने जॉन नावाच्या कवीकडून वडिलांचं चरित्र लिहून घेतलं. १२२६ च्या सुमारास पुरं झालं. जुन्या फ्रेंचमधलं पद्य, १९,२१४ ओळी. राजा किंवा संत नसलेल्या माणसाचं असं चरित्र त्या काळात दुर्मीळच. एकच हस्तलिखित उरलं. १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या तरुण फ्रेंच अभ्यासकाने ते ओझरतं पाहिलं, ते दुसऱ्याच कुणी विकत घेतलं, आणि मेयर वीस वर्षं त्याचा माग काढत राहिला. १८८१ मध्ये सापडलं. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

घराण्याने लिहून घेतलेली बखर जशी वाचायची तसं हे वाचावं. नायकाचं चुकलेलं त्यात फारसं सापडत नाही. पण जॉन ऑफ अर्लीसारख्या जन्मभर सोबत राहिलेल्या माणसाच्या आठवणी त्यात आहेत, आणि सनदा, राजदरबारचे कागद यांच्याशी ठिकठिकाणी ताळा जुळतो. संवाद शब्दशः धरू नयेत. पावात लपवलेल्या पट्ट्या, लोहाराची ऐरण असले तपशील मात्र कुणी उगाच कशाला रचेल?

त्याच्या खुणा आज कुठे पाहता येतात?

चेप्स्टोच्या किल्ल्यात ८०० वर्षांहून जुने लाकडी दरवाजे ठेवले आहेत, युरोपातल्या किल्ल्यांचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे. पेम्ब्रोकचा उंच गोल बुरूज त्याचा. आयर्लंडमध्ये न्यू रॉस हे गाव त्याने आणि इझाबेलने वसवलं, समुद्रात वादळातून वाचल्याचा नवस फेडायला टिंटर्नचा मठ बांधला, आणि बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी हूकच्या टोकावर दीपगृह उभारलं. ते दीपगृह अजून चालू आहे. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची दगडी प्रतिमा आहे, मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जखमी झालेली.

त्याचा शेवट कसा झाला?

घरी, माणसांत. १२१९ च्या वसंतात दुखणं बळावलं तेव्हा तो लंडनहून थेम्स नदीतून होडीने कॅव्हरशॅमच्या आपल्या वाड्यावर आला. बाळराजाला पोपच्या दूताकडे सोपवून तो कारभारातून मोकळा झाला.

कुणीतरी म्हणालं, पकडलेल्या नाइटांकडून घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय मोक्ष नाही. तो म्हणाला, ५०० जणांचं मी कुठून परत करू? एका कारकुनाने सुचवलं की वाड्यातले फरचे झगे विकून दानधर्म करावा. त्यावर तो चिडला : पेंटेकॉस्टचा सण जवळ आलाय, माझ्या नाइटांना दरवर्षी मिळतात तसे झगे मिळालेच पाहिजेत, माझ्या हातून हे शेवटचं आहे.

टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या पंथात दाखल होण्याचं वचन त्याने पूर्वी दिलं होतं. पंथाची वस्त्रं अंगावर आली की स्त्रीचा स्पर्श वर्ज्य. म्हणून त्याने आधी इझाबेलला जवळ बोलावलं, आता घे मुका, यापुढे नाही, असं म्हणाला. दोघं रडली. मुली तिथेच होत्या, त्यांना बाहेर न्यावं लागलं.

एक दिवस त्याने जॉन ऑफ अर्लीला सांगितलं, तीन वर्षांत झाली नाही एवढी गाण्याची इच्छा होतेय. पण मरणारा माणूस गाऊ लागला तर लोक वेडा म्हणतील. मग मुलींना बोलावलं. थोरली मॉड दुःखात असूनही गायली. धाकटी जोन लाजत, खालच्या आवाजात गाऊ लागली तेव्हा त्याने तिला थांबवलं, लाजायचं नाही म्हणाला, आणि शब्द कसे सोडायचे ते स्वतः म्हणून दाखवलं.

आणि ती रेशमी कापडं. जेरुसलेमहून तीसहून जास्त वर्षांपूर्वी आणलेली, वेल्समध्ये ठेवलेली. त्याने ती मागवली. घडी उलगडेपर्यंत फिकट वाटणारी ती कापडं उघडल्यावर झळाळली. ही माझ्या पेटीवर घाला, त्याने सांगितलं, माझ्या अंत्यविधीसाठीच आणली होती. मग जॉनला बजावलं : पाऊस आला तर भिजून खराब होतील, म्हणून वरून घालायला साधं जाड करडं कापड विकत आणून ठेव, आणि विधी झाला की रेशीम टेंपलर बांधवांना देऊन टाक.

१४ मेच्या दुपारी तो गेला. दफन झालं २० मे रोजी, लिंकनच्या लढाईला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी.